बोडीतील मांगूर व शिंगी

'मासा कल्ल्यांनी श्वसन करतो. म्हणून पाण्याबाहेर काढल्यास तो थोड्याच वेळात मरतो.' हे वाक्य मी चौथीच्या वर्गात पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहीत आलो. एके वर्षी श्रावणात ते लिहून होताच मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "मांगूर नाही मरत, गुरुजी." मुलगा ढिवराच्या घरचा होता. वर्ग हसला. सांगावयास संकोच वाटतो, परंतु मीही त्यास 'पुस्तकात आहे ते आधी पाठ कर' असे म्हणून खाली बसविले. दुसऱ्या दिवशी तो एक ओले पोते घेऊन शाळेत आला. आदल्या सायंकाळी धरलेला मांगूर त्याने रात्रभर त्या पोत्यात ओल्या गवतात ठेविला होता. पोते व्हरांड्यात उपडे करताच मासा छातीजवळचे पर जमिनीस टेकीत, अंग वळवीत पायरीपर्यंत गेला. फळ्यावरचे माझे वाक्य मला सर्व मुलांदेखत दुरुस्त करावे लागले.

त्यानंतर मी सुटीच्या दिवशी ढिवरांबरोबर बोडीच्या पाळीवर बसू लागलो. तेथे एक गोष्ट ध्यानात आली, ती शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडावी एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. मासा धरण्याची प्रत्येक रीत त्या माशाच्या एखाद्या सवयीवर उभारलेली असते. रीत नीट पाहिली व 'असेच का?' हा प्रश्न मुलांपुढे ठेविला, तर परिसर अभ्यासातील श्वसन, अन्न, निवारा व पिलांचे संगोपन हे सर्व घटक एकाच बोडीच्या काठी शिकविता येतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील शिक्षकांस तळे शोधीत जावे लागत नाही. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने बांधलेले तलाव व त्यांहून लहान अशा बोड्या ह्या भागात गावोगाव आहेत. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले व लोकांच्या तोंडी त्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' हे नाव रूढ झाले. मोठ्या तलावात मच्छीमारांच्या सहकारी संस्था रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज सोडतात. त्या माशांविषयी छापील माहिती पुष्कळ मिळते. बोडीत मात्र सहसा कोणी बीज सोडीत नाही. तेथील मासे पावसाच्या पाण्याबरोबर आपण होऊन चढतात, धानाच्या बांध्यांतून हिंडतात आणि उन्हाळ्यात चिखलात दडून राहतात. त्यांत मुलांच्या सर्वांत ओळखीचे दोन, मांगूर व शिंगी.

दोन्ही मासे मिशीवाल्या माशांच्या गणातील आहेत. मराठीत ह्या गणास मार्जारमीन म्हणतात, कारण ह्यांच्या मुखाभोवती मांजरासारख्या मिशा असतात. मांगुरास व शिंगीस त्यांच्या चार-चार जोड्या आहेत. अंगावर खवले मुळीच नसतात. कातडी गुळगुळीत व बुळबुळीत असते. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून निघून थेट शेपटीजवळ पोहोचतो. शिंगीचा तोच पर इतका आखूड असतो की पहिल्या नजरेत तो दिसतही नाही. ही एक खूण मुलांस दाखविली म्हणजे पुरे. पुढे ती चुकत नाहीत.

नावांविषयी थोडे सांगणे वावगे होणार नाही. संस्कृतात ह्या माशांस मद्गुर व शृंगी म्हणत. अमरकोशात शृंगी ही मद्गुराची मादी ठरविली आहे. कोशकाराची येथे चूक झाली आहे, कारण ह्या दोन अगदी भिन्न जाती आहेत. पण दोन्ही मासे एकाच चिखलात एकत्र सापडत असल्याने ती कशी झाली असेल हे बोडीवर गेल्यावर कळते. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या 1822 च्या ग्रंथात मांगुराचे वर्णन केले, तेव्हा त्याने तेथील लोकांच्या तोंडचे 'मागुर' हेच नाव शास्त्रीय नावात घेतले व ते आजही चालू आहे. शिंगीचे शास्त्रीय नाव ब्लॉख ह्या जर्मन पंडिताने 1794 मध्ये दिले. त्यातील 'फॉसिलिस' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'खणून काढलेला' असा आहे. वैशाखात कुदळ घेऊन बोडीत उतरलेल्या माणसास हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता धरण्याच्या रीती. दिवस मावळताना ढिवर गळ टाकतात. गळास गांडूळ लावलेले असते व ते तळाशी, चिखलावर पडू देतात. रोहू-कटल्यासाठी कोणी असे करणार नाही. मांगूर व शिंगी रात्री चरणारे आहेत. त्यांचे डोळे बारीक, आणि बोडीचे पाणी बहुधा गढूळ. अशा पाण्यात ते वासावर व मिशांच्या स्पर्शावर अन्न शोधतात. मिशी गांडुळास लागली की मासा ते गिळतो. म्हणून आमिष दिसावयास हवे असे नाही; त्यास वास मात्र हवा. एका म्हाताऱ्या ढिवरदादांनी मला सांगितले होते की, चकाकणारा गळ मांगुरास नको आणि गंजलेला त्यास चालतो. 'का?' असे विचारता ते नुसते हसले. वर्गात हा प्रश्न मी मुलांस घातला, तेव्हा एका मुलीने 'तो बघतच नाही ना' असे उत्तर दिले.

पाऊस सुरू झाला म्हणजे बांध्यांतून बोडीकडे व बोडीच्या सांडव्याकडे पाणी वाहू लागते. ह्या वाटेवर बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवितात. त्याच्या तोंडाशी आत वळलेल्या कामट्या असतात. मासा आत शिरतो, परत फिरताना त्याच कामट्या त्यास टोचतात. सापळा ठेवताना अनुभवी माणूस त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील अशी काळजी घेतो. मी हे प्रथम पाहिले तेव्हा तो निष्काळजीपणा वाटला. कारण विचारल्यावर कळले की, सापळा पूर्ण बुडाला तर सकाळी आत मेलेले मांगूर मिळतात.

मासा पाण्यात गुदमरून मरतो हे मुलांस प्रथम खरे वाटत नाही. मांगुरास कल्ले आहेत, पण कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही अंगांस असलेल्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा फुटलेला एक लालभडक अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो व ती हवा ह्या पोकळीत साठवितो. त्या फांद्यांतील रक्त हवेतून प्राणवायू शोषून घेते. शिंगीची योजना निराळी आहे. तिच्या कल्ल्यांपासून दोन लांब नळ्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मागे शेपटीच्या दिशेने गेलेल्या असतात व त्यांत हवा भरली जाते. कुजलेल्या पाल्याने भरलेल्या, तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. तेथे केवळ कल्ल्यांवर भागत नाही. अशा पाण्यात माशास वर येऊ दिले नाही तर तो जगत नाही. माझ्या फळ्यावरील वाक्य येथे चुकले होते. मी आता ते असे लिहितो : 'बहुतेक मासे कल्ल्यांनी श्वसन करतात. काही मासे कल्ल्यांबरोबर हवेतूनही प्राणवायू घेतात.'

जाणते मच्छीमार ह्या घोटांवरूनच बोडीत मासा किती आहे ह्याचा अंदाज बांधतात. पाणी निवांत असताना पाळीवर बसून कोठे 'टुब्' असा आवाज होतो, कोठे बुडबुडे उठतात हे ते पाहतात. ज्या कोपऱ्यात घोट अधिक, तेथे फेकजाळे टाकावयाचे.

माघ-फाल्गुनात पाणी गुडघ्यापर्यंत आले की जाळ्याचा उपयोग कमी होतो. मासे जाळ्याखालच्या चिखलात शिरतात. मग तळ नसलेली, खाली रुंद व वर अरुंद अशी कामट्यांची टोपली घेऊन माणसे ओळीने पाण्यातून चालतात व पावलागणिक ती चिखलात दाबतात. आत काही धडकले की वरच्या तोंडातून हात घालून मासा काढावयाचा. आणि वैशाखात पाणी आटून केवळ ओला गाळ उरला म्हणजे स्त्रिया व मुलेसुद्धा हातांनी चाचपून मासे काढतात. गाळाच्या पृष्ठभागावर बोटभर रुंदीची छिद्रे दिसतात. छिद्राखाली मासा असतो.

येथे शिक्षकांनी थांबून सावधगिरीचे चार शब्द सांगितलेच पाहिजेत. शिंगीच्या छातीजवळच्या दोन्ही परांत एकेक टणक काटा असतो व त्यास विष असते. हातात धरताच ती हे काटे आडवे ताठ करते. मी एकदा वर्गापुढे ऐटीने शिंगी उचलून दाखविली. अंगठ्याच्या मुळाशी काटा गेला आणि त्या दिवशीचा पुढील पाठ माझ्या सहकाऱ्यास घ्यावा लागला. कळ खांद्यापर्यंत चढली होती व रात्रीपर्यंत राहिली. मांगुराचा काटाही लागतो, पण शिंगीइतका नाही. काटा लागल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, तुकडा वर दिसत असल्यास काढावा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने ह्या विषाचा जोर कमी होतो व कळ उतरते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहावे. दुखऱ्या हातास चटका कळत नाही व कातडी भाजते. त्यानंतर आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताची सुई द्यावी व काटा आत राहिला आहे काय हे तपासून घ्यावे. तंबाखू, चुना वा माती जखमेत भरू देऊ नये. ढिवरांची जाणती मुले शिंगी डोक्यामागून, दोन्ही काट्यांच्या मागे बोटे ठेवून धरतात. ते पाहावे, इतर मुलांनी करून पाहू नये.

वरील सर्व रीती पूर्वापार चालत आल्या आहेत व त्यांनी बोड्या रिकाम्या झाल्या नव्हत्या. अलीकडे मात्र 'पूर्वी पोतेभर मिळत, आता भाजीपुरते मिळत नाहीत' असे जो तो म्हणतो. भारतातील हा मांगूर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी गावाच्या हातची तेवढी येथे सांगतो.

पहिला जोराचा पाऊस पडला की मासे बोडीतून बांध्यांकडे निघतात. ह्यांस चढणीचे मासे म्हणतात. रात्री दिवा व काठी घेऊन लोक त्यांच्या मागे लागतात, कारण मासा उथळ पाण्यात, कधी ओल्या गवतावरही असतो व तो मारणे सोपे जाते. परंतु ह्या वेळी मादीच्या पोटात गाभोळी भरलेली असते. ती अंडी घालावयास चाललेली असते. मांगूर काठाच्या गवतात किंवा बांधाच्या कडेस खळगा करून त्यात अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. रोहूसारख्या माशाची अंडी लाखांत मोजावी लागतात, मांगुराची हजारांत. ज्याची अंडी थोडी व राखण फार, त्याचा एक राखणदार मारला तर सगळे घरटे जाते. आषाढातील एका रात्रीची ही शिकार वर्षभराच्या गळापेक्षा महाग पडते. सापळ्याचेही तसेच आहे : बांध्यांतून पाणी उतरू लागल्यावर तो लावला तर मोठे झालेले मासे मिळतात, पाणी चढताना लावला तर माया मिळतात.

दुसरे, उपसा. वैशाखात बोडीच्या सर्वांत खोल खड्ड्यात जे पाणी उरते त्यात गावचे उरलेसुरले मासे गोळा होतात. पूर्वी हा खड्डा सोडून देत. आता पंप लावून तो घटकाभरात कोरडा करता येतो. पुढच्या पावसात चढावयास मग कोणी उरत नाही.

तिसरे, विष. गेळाच्या फळांनी मासे गुंगविण्याची चाल जुनी आहे; आता कीटकनाशके ओततात. त्याने मासा, बेडूक, शिंपले, सर्व मरते व तेच पाणी गुरे पितात. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यान्वये मनाई आहे, हे मोठ्या मुलांस सांगावे. रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी तळे 'साफ' करण्यासाठी मोहाची पेंड टाकतात, तिनेही मांगूर-शिंगी मरतात. संस्थेच्या हिशेबात हे मासे बीज खाणारे शत्रू असतात, आणि तो हिशेब सर्वस्वी खोटा नाही. तेव्हा मोठ्या तलावाची गोष्ट संस्थेवर सोडावी. बोडीत पेंड टाकण्याचे मात्र काहीच कारण नाही.

चौथे म्हणजे परका मांगूर. बाजारात 'थाई मांगूर' म्हणून जो मासा येतो तो मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या पालनास केंद्र सरकारने 2000 मध्ये मनाई केली व 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही तो नष्ट करण्याचे आदेश दिले; तरीही तो चोरून पाळला जातो. आपला मांगूर सहसा हातभरापेक्षा लहान असतो, अर्धा किलोही क्वचित भरतो. परका मांगूर झपाट्याने वाढतो, मीटरभराहून लांब होऊ शकतो व वाटेत येईल ते खातो. एखाद्या शेततळ्यातून पुरात निसटून तो बोडीत आला तर देशी माशांस जागा उरत नाही. म्हणून पाठासाठी बाजारातून जिवंत मांगूर आणू नये आणि आणलाच तर कोणत्याही परिस्थितीत बोडीत सोडू नये.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्रियांनी काही तलावांतील बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या व देशी माशांस आसरा करून दिला. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा राहतो ही माहिती त्यांनी बाहेरून आणलेली नव्हती. ती त्यांच्या घरातच होती.

पाठ घेण्यास भाद्रपदाचा शेवट किंवा आश्विन हा काळ चांगला. पाऊस ओसरलेला असतो, अंड्यांचा हंगाम संपलेला असतो. मुलांस पाण्यात उतरवू नये. बोडीच्या काठचा गाळ फसवा असतो. गावातील एखाद्या जाणत्या मच्छीमारास आदल्या दिवशी भेटून एक मांगूर व एक शिंगी जिवंत आणावयास सांगावे आणि वर्गात येण्याची विनंती करावी. ते आल्यावर त्यांस खुर्ची द्यावी व मुलांनी त्यांस प्रश्न विचारावेत. हे लिहिण्याचे कारण असे की, पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेले दादा व्हरांड्यात चपलांजवळच बसले होते. आपल्यास आत बसवितील असे त्यांस वाटले नव्हते. त्यांचा मुलगा वर्गातून त्यांच्याकडे पाहत होता.

मासे रुंद बादलीत ठेवावेत, बादलीवर मच्छरदाणीचे कापड बांधावे. नाहीतर मांगूर उडी मारून बाहेर पडतो. बादली काठोकाठ भरू नये, वर हवा राहू द्यावी. एका बादलीत ताजे पाणी व दुसरीत बोडीचे साचलेले पाणी घेऊन, मासा अर्ध्या तासात किती वेळा वर येऊन घोट घेतो हे मुलांच्या दोन गटांनी मोजावे. मग मासे अदलाबदल करून पुन्हा मोजावे. आकडे फळ्यावर मांडले की गणिताच्या तासाचेही काम होते. मोजणी करताना मुले आश्चर्यकारक शांत बसतात. घोट चुकू नये म्हणून. मोठ्या मुलांस घरी जाऊन आजी-आजोबांकडून बोडीतील माशांची नावे लिहून आणावयास सांगावे. आमच्या शाळेत आलेल्या यादीत काही नावे अशी होती की, तो मासा मुलांपैकी कोणीच पाहिला नव्हता. त्या नावांपुढे मी शिक्षकाच्या नेहमीच्या सवयीने चुकीची खूण केली होती, ती नंतर खोडली.

बादली सावलीत ठेवावी. ऊन उतरण्यापूर्वी मच्छीमारांच्या हातूनच मासे ज्या बोडीतून आणले त्याच बोडीत, खोल बाजूस सोडावेत, आणि तो खड्डा कोणता हे त्या वेळी सर्व मुलांस पाळीवर उभे करून दाखवून ठेवावे.